लोगोवरचं हळदीकुंकू

हे मी अजून कुणाच्याही कानावर घातलेलं नाही. मानसीच्या नाही — मानसी म्हणजे माझी बायको, जिला माझ्या ऑफिसातली फालतू भांडणंसुद्धा रोज ऐकावी लागतात. आईबाबांच्या नाही, मित्रांच्या तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल असं वाटतंय. तरी बघा ना, एवढं लिहून उगाचच उठलो, खिडकी उघडली, लावली, पुन्हा येऊन बसलो.

कुठून सुरू करू? कामापासून करतो. त्याबद्दल बोलताना मी अडखळत नाही.

मी जर्मनीत, इंगोलश्टाटला राहतो. शिक्षण पुण्यात झालं, नोकरी इथे गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत. गाडी आपला वेग आपण सांभाळते, समोर कुणी आलं तर आपणच हळू होते, पुढचा गेला की परत वेग घेते — ते अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल. ते नीट चालतंय की नाही हे तपासणं माझं काम. त्यामुळे आमच्या मराठी मंडळात गाडीचं काहीही बिघडलं की फोन मला. 'निखिल, क्रूझ लागतच नाहीये रे.' 'निखिल, मध्येच सुटतंय.' मी भाजी चिरता चिरता फोनवर निदान करतो, आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडतं. डॉक्टर झाल्यासारखं वाटतं.

माझे प्रश्न ठरलेले असतात. आधी विचारतो, पुढचा लोगो पुसलास का? कारण पुष्कळ गाड्यांत रडार त्या लोगोच्या मागेच बसवलेलं असतं. त्यावर बर्फ, चिखल, किडे काहीही साचलं की ते आंधळं होतं. पण ते बिचारं प्रामाणिक असतं. दिसत नाही म्हटल्यावर डॅशबोर्डवर तसा मेसेज देतं आणि स्वतःहून बंद पडतं. फडकं मारलं की पुन्हा सुरू. मग विचारतो, ब्रेकचे दिवे नीट लागतात का, कारण त्यांचा स्विच बिघडला तरी क्रूझ लागत नाही. आणि शेवटी विचारतो, गाडी कुठे ठोकली होतीस का? हळूच का होईना?

या शेवटच्या प्रश्नाला माणूस थांबतो. दरवेळी. क्षणभरच — मग म्हणतो, छे छे, कुठे नाही. त्या थांबण्यावरून मला कळतं की ठोकलीय. रडारला धक्का बसून ते जरासं जरी वाकडं झालं, तर ते बंद पडत नाही हो, हीच तर पंचाईत. ते बघत राहतं, पण शेजारच्या लेनमध्ये. बाजूनं जाणारा ट्रक त्याला आपल्या पुढ्यातला वाटतो आणि मोकळ्या रस्त्यावर गाडी करकचून ब्रेक मारते. मळलेलं रडार आणि वाकडं रडार, दोन्हींची लक्षणं वेगळी. एवढं लक्षात ठेवा. मला ते तेव्हाही पाठ होतं.

आता आईंबद्दल सांगतो. आई म्हणजे मानसीची आई, माझ्या सासूबाई. बार्शीला मुलींच्या शाळेत त्यांनी जन्मभर गणित शिकवलं. मानसीचे बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच त्या आमच्याकडे राहायला आल्या होत्या. बोलायला मोकळ्या, विनोदी, मला 'निखिलराव' म्हणून हाक मारणार आणि वर माझ्याच पोटाकडे बघून 'राव, जरा कमी करा' म्हणणार. पण एक गोष्ट त्यांनी आल्या आल्या सांगितली होती, भाजी निवडताना, अगदी सहज. घरातल्या एका लग्नात त्या हळद लावायला पुढे झाल्या, तर त्यांच्या मोठ्या जाऊबाईंनी ताट अलगद आपल्याकडे ओढून घेतलं. बोलल्या काही नाहीत. नुसतं ताट ओढलं. 'मीही मग मागे सरले गं,' आई मानसीला म्हणाल्या. 'कशाला उगाच शुभकार्यात.' मानसी जी भडकली! तिनं बार्शीला फोन लावायचाच बाकी ठेवला होता.

आमची नवीन गाडी दसऱ्याच्या तोंडावर आली. मानसी म्हणाली, आई, पूजा तूच करायची. आई नको नको म्हणत होत्या. मानसी हट्टाला पेटली आणि मी — मीही जोर लावला. 'आई, तुमच्याच हातून व्हायला पाहिजे,' असं मी म्हणालो होतो. मनापासून म्हणालो होतो. त्या वेळी मला स्वतःचं कौतुकही वाटलं होतं, हे सांगायला हवं. बघा कसा जावई आहे मी, असं.

घराखालच्या पार्किंगमध्ये पूजा झाली. आईंनी ठेवणीतली मोरपिशी साडी नेसली होती, वरून माझं थंडीचं जाकीट. चाकाखाली लिंबू ठेवलं. स्वस्तिक इथे काढायचं नाही हे मानसीनं आधीच समजावलं होतं. मग आईंनी पुढे लोगोवरच हळदीकुंकवाची ओली बोटं लावली, त्यावर चार अक्षता. आमच्या शेजारच्या आजीबाई बाल्कनीतून वाकून बघत होत्या. त्यांना आईंनी खालूनच पेढ्याचा डबा दाखवला. आमची इरा तेव्हा बालवाडीत होती, तीही नाचत होती. आणि आईंचा चेहरा... काय सांगू. हळद लावल्यावर त्या आपल्या पिवळ्या बोटांकडे बघत उभ्या राहिल्या. हात पुसलेच नाहीत बराच वेळ.

मला हा चेहरा आठवतो. म्हणून तर हे सगळं लिहितोय.

यानंतर थोड्याच दिवसांत मी ऑफिसच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडी एका खांबावर घातली. बुटका खांब असतो ना सिमेंटचा, इथे त्याला पोलर म्हणतात, तो. फोन वाजला म्हणून खाली बघितलं. बस, एवढंच. आवाजही फार झाला नाही. उतरून बघितलं तर पुढची जाळी एका बाजूनं आत गेली होती. मी ती हातानं ओढली, ती कट्ट आवाज करून जागेवर बसली. ओरखडाही नव्हता. तिथेच मला कळलं होतं की रडार तपासायला हवं. मला नाही कळणार तर कुणाला? वेर्कश्टाटमध्ये नेऊन पुन्हा सरळ करून घ्यायचं — गॅरेजचं साधं काम.

मग नेली का नाही? कारण नेली असती तर घरी सांगावं लागलं असतं. आणि घरी सांगणं मला शक्य नव्हतं, कारण त्याआधी मानसीनं आमची जुनी गाडी सुपरमार्केटच्या खांबाला घासली होती आणि मी तिचं जिणं नकोसं केलं होतं. गंमत म्हणूनच हां! चार लोक जमले की मी तो किस्सा रंगवून सांगायचो. 'खांब काय मानसीसाठी सरकणारे का?' सगळे हसायचे. तीही हसायची, पण नंतर गाडीत गप्प असायची. मी आजवर गाडीला ओरखडा येऊ दिलेला नाही, हे वाक्य मी तिला किती वेळा ऐकवलं असेल. त्या वाक्यासाठी मी गप्प राहिलो. माझी बायको आणि मुलगी ज्या गाडीत बसतात, ती गाडी वाकड्या रडारनं तशीच चालवली. यापलीकडे काहीही कारण नव्हतं.

कोजागिरीला न्यूरेमबर्गच्या एका मराठी कुटुंबाकडे बोलावणं होतं. दुपारीच निघालो. मानसी माझ्या शेजारी, मागे इरा तिच्या खुर्चीत आणि इराजवळ आई, मांडीवर मसाला दुधाचा थर्मास. आऊटोबानला, म्हणजे इथल्या हायवेला, लागल्यावर मी क्रूझ लावलं आणि पाय बाजूला घेतला. आईंना दाखवायचं होतं ना! 'बघा आई, माझा पाय कुठेच नाही.' त्या म्हणाल्या, 'अगं बाई, म्हणजे आता तुमची गरजच नाही म्हणा की.' आम्ही सगळे हसलो.

पुढे डोंगराचा भाग लागतो, रस्ता वळणं घेतो. एका वळणावर उजवीकडच्या लेनमध्ये ट्रक होता. आमची लेन मोकळी होती, पार दूरपर्यंत. आणि गाडीनं ब्रेक मारला. असा तसा नाही — पट्टे छातीत रुतले. मागच्या गाडीचा हॉर्न वाजतच राहिला, ती आमच्या अगदी बाजूनं, डाव्या कडेला खरचटते की काय अशी निघून गेली. मी पाय मारला, वेग घेतला, क्रूझ बंद केलं. इरा किंचाळत होती. थर्मास खाली पडून झाकण उडालं, दूध सगळीकडे. आरशात बघितलं तर आईंचा हात इराच्या छातीवर आडवा होता, घट्ट, आणि डोळे मिटलेले.

पुढच्या थांब्यावर गाडी घेतली. मानसी उतरली, इराला कडेवर घेतलं. आणि तिनं मला विचारलं — 'गाडीला काही झालंय का रे? कुठे लागली होती का?'

माझाच प्रश्न. जो मी सगळ्यांना विचारतो.

आणि मी थांबलो नाही. लोक निदान थांबतात तरी. मी ताबडतोब म्हणालो, 'छे, कुठे लागणार?' आणि पुढे जाऊन वाकून बसलो. जाळी आणि लोगोच्या मधली फट एका बाजूला जास्त होती, मला स्पष्ट दिसली. लोगोवर वाळलेलं हळदीकुंकू होतं, एक तांदळाचा दाणा अजून चिकटलेला. मी त्यावरून अंगठा फिरवला आणि तो लाल-पिवळा अंगठा मानसीला दाखवला. 'हे बघ,' म्हणालो. 'रडारवर थर बसलाय. त्याला समोरचं नीट दिसेना.'

हे साफ खोटं होतं. थर बसला असता तर गाडीनं मेसेज दिला असता, क्रूझ लागलंच नसतं. अर्धी हयात याच कामात घालवलेला माणूस मी, मला हे झोपेत विचारा. पण मी नुसतं खोटं बोलून थांबलो नाही, त्याला शास्त्राची फोडणी दिली. रडारच्या लहरी कशा परत येतात, ओलं कुंकू वाळल्यावर काय होतं — कायच्या काय बोलत गेलो. मानसीला त्यातलं काय कळणार? ती बँकेत काम करते. या बाबतीत माझा शब्द तिच्यासाठी शेवटचा.

आई गाडीतून अर्ध्या उतरल्या होत्या. साडीवर दूध सांडलेलं. त्यांनी विचारलं, 'म्हणजे माझ्यामुळे झालं का हो, निखिलराव?'

तेव्हा तरी. तेव्हा तरी सांगता आलं असतं ना? एक वाक्य होतं. मी काय म्हणालो माहितीय? म्हणालो, 'जाऊ द्या आई. तुम्हाला कुठे माहीत होतं? तुम्ही काय मुद्दाम केलंत का?'

मी त्यांना माफ केलं. माझ्या चुकीबद्दल मी त्यांना मोठ्या मनानं माफ केलं, आणि वर त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

आम्ही न्यूरेमबर्गला न जाता परत फिरलो. घरी मानसी इराला झोपवत होती, मी जिन्याखाली गाडीतली दुधानं भिजलेली पायपुसणी धूत बसलो. वर आलो तेव्हा स्वयंपाकघरातून आवाज येत होता. आई म्हणत होत्या, 'जाऊबाईंनी ताट ओढलं ते उगाच नाही गं. माझा हात लागायला नको होता. पोरगी वाचली हे नशीब.' मानसी चिडून रडत होती. 'आई, सेन्सरवर मळ बसला होता! त्याचा नि बाबांचा काय संबंध? तू गणिताची बाई आहेस ना?' आई म्हणाल्या, 'मळ कुणाच्या हातचा होता?' याचं उत्तर मला येत होतं. मी ओली पायपुसणी हातात धरून बाहेरच्या बोळात उभा होतो, पाणी मोज्यांवर टपकत होतं, आणि मी आत गेलो नाही.

दुसऱ्याच आठवड्यात ऑफिसला जातो सांगून गाडी वेर्कश्टाटमध्ये नेली. तिथल्या मेकॅनिकनं विचारलं, कुठे आदळली होती का? मी म्हणालो, या, गेनाऊ — हो, बरोबर — पोलरला लागली होती. जर्मनमध्ये, एका दमात. त्या परक्या माणसाला खरं सांगायला मला जरासुद्धा जड गेलं नाही. रडार सरळ करून मिळालं. घरी येऊन मानसीला म्हणालो, साफ केलंय, आता काही होणार नाही. आई सोफ्यावर बसल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं आणि सुटकेचा श्वास सोडला. साफ केलंय म्हणजे काय साफ केलंय, हे त्यांना पुन्हा एकदा कळलं.

त्या दिवाळीला त्यांनी इराला उटणं लावलं नाही. 'मानसी लावेल,' म्हणाल्या. इरा त्यांच्या मागे मागे फिरत होती, 'आज्जी, वारुम निश्ट? वारुम?' — का नाही, का, म्हणून. त्यांना तेवढं जर्मन आता कळायचं. त्यांनी तिच्या हातात चकली दिली आणि विषय बदलला. औक्षणाच्या वेळी त्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढायला गेल्या. कपडे अजून ओले होते, मी नुकतेच बघितले होते.

तुम्ही म्हणाल, इतकं कळतंय तर फोन उचल आणि सांग. बरोबर आहे. आई धडधाकट आहेत, रोज संध्याकाळी त्यांचा व्हिडिओ कॉल असतो, अजून माझ्या पोटाची चौकशी करतात. मी काहीतरी बोलतो आणि फोन इराकडे देतो. कितीतरी वर्षं असंच चाललंय. सुरुवातीला वाटायचं, आता सांगितलं तर मानसीला काय वाटेल. नंतर तेही वाटेनासं झालं, नुसतीच सवय झाली. तुम्हाला सांगितलं. त्यांना नाही सांगितलेलं.

या दिवाळीत आम्ही बार्शीला होतो. मानसीच्या धाकट्या भावानं, ओंकारनं, नवीन गाडी घेतली. मोठ्या हौसेनं मला म्हणाला, 'भावजी, यातही रडार आहे बरं का, तुमच्यासारखं.' पाडव्याला दारात गाडी उभी केली. सगळा गोतावळा जमला होता, मोठ्या जाऊबाईही होत्या — आता थकल्यात, खुर्चीत बसून. ओंकारची बायको श्वेता हळदीकुंकवाचं तबक घेऊन आली आणि सरळ आईंच्या पुढ्यात धरलं. 'आई, तुम्ही करा. आमच्या घरात पहिला मान तुमचा.' जाऊबाईंनी या वेळी तबक ओढलं नाही. उलट मान हलवून म्हणाल्या, 'कर की गं, आता कुठे राहिलंय तसलं काही.' सगळे आईंकडे बघत होते.

आईंनी दोन्ही हात मागे घेतले. 'नको गं बाई,' म्हणाल्या, हसतच. 'माझा हात गाडीला सोसत नाही. उगाच नाही म्हणत, एकदा केली होती मी पूजा, पोरगी जाता जाता वाचली. खोटं वाटत असेल तर निखिलरावांना विचार. ते त्यातलेच आहेत.'

श्वेता माझ्याकडे बघायला लागली. ओंकार बघायला लागला. मानसीसुद्धा — तिला वाटत होतं, नवरा आता काहीतरी बोलून आईची समजूत घालेल. श्वेतानं विचारलं, 'खरंच का हो भावजी?'

मी मान हलवली. हो म्हणून. आणि वर म्हणालो, 'लोगोवर नको लावूस, बॉनेटवर लाव. तू लावलंस तरी चालेल.'

श्वेतानं पूजा केली. नारळ फुटला, पोरांनी टाळ्या वाजवल्या. आई पायरीवर उभ्या राहून बघत होत्या. माझ्याशी नजरानजर झाली तेव्हा त्या हसल्या. मी त्यांच्या बाजूनं बोललो, असं त्यांना वाटलं होतं.